परवानगीसाठी गाऱ्हाणं

आरोंद्याच्या मावशीने मला बोलावून घेतलं ते देवळातल्या गाऱ्हाण्यासाठी. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, गोव्यातल्या एका कारखान्यात बरीच वर्षं कंत्राटावर होता. पूल ओलांडला की गोवा, त्यामुळे मोटरसायकलने रोजची ये-जा. कारखान्यात तोफगोळ्यांची पोलादी कवचं तयार होत. परदेशातून मोठी मागणी आली होती. निर्यातीला केंद्र सरकारची परवानगी मिळाली तर त्याच्या पाळीतले सगळे कायम होणार होते. नाही मिळाली तर कंत्राट संपणार होतं.

त्या मागणीची बातमी मी मुंबईत आमच्या वर्तमानपत्रात दिली होती. माल घेणारं सरकार सैन्याच्या जोरावर आलेलं होतं आणि स्वतःच्याच देशातल्या गावांवर तोफा डागत होतं. संसदेत प्रश्न आला. प्रत्येक प्रस्ताव गुणदोषांवर तपासला जातो, तपशील उघड करणं राष्ट्रहिताचं नाही, असं उत्तर मिळालं. मी ते जसंच्या तसं छापलं. मावशीला त्या देशाचं नाव माहीत नव्हतं. भावाने बातमी वाचली होती.

“तुझो पेपर आडवो येव नये म्हणजे झाला,” मावशी हसत म्हणाली आणि नारळाची पिशवी माझ्या हातात दिली.

देवळात आम्ही तिघं, भावाची बायको आणि शेजारचे दोघे होतो. गाऱ्हाणं घालण्याचा मान गावकर काकांचा. आमच्याकडे देवाकडचं मागणं मोठ्याने बोललं जातं, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हजर असलेल्यांचा होकार त्यात धरलेला असतो.

भावाच्या वाटेतल्या अडचणी दूर कर, असं काकांनी सांगितलं. सगळ्यांनी होकार दिला. मग ते म्हणाले, “सरकारची परवानगी मिळांदे, माल सुखरूप त्या देशात पोचांदे, म्हाराजा.”

मावशीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. भाऊ गप्प राहिला. मीही गप्प होतो, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. काका थांबले. ज्याचं मागणं तोच बोलत नसेल तर पुढे जाता येत नाही.

“काय रे, बोल मरे.”

“काका, माल पोचाचा सांगू नकात,” भाऊ म्हणाला.

“अरे, तुझ्या पोटाचा आसा ता,” मावशी म्हणाली.

“माका नोकरी होयी. पण तो माल कोणावर पडतलो ता माका म्हायत आसा. नोकरी मागा, माल नको.”

मालाशिवाय नोकरी देव कुठून आणणार, असं काका पुटपुटले. नारळ जरा पुढे सरकवून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “तेका नोकरी मिळांदे. खयसून, ता तू बघ, म्हाराजा.”

या वेळी भावाचा आवाज आला. मावशी मात्र देवाकडे बघत काकांचं आधीचंच वाक्य पुटपुटत राहिली.

पावसाळा संपता संपता परवानगी मिळाली. बातमी माझ्याच टेबलावर आली, चार ओळींची, देशाचं नाव नसलेली. भाऊ कायम झाला. मावशीने फोन करून ते सांगितलं आणि फोन त्याच्याकडे दिला. मी अभिनंदन केलं.

“देवान आयकल्यान,” तो म्हणाला. “पण माझा नाय, आवशीचा.”

पहिली पाळी असल्याने त्याला लवकर निघायचं होतं. त्याने फोन ठेवला.