नाझिफेची खारट कॉफी

तुर्कस्तानातल्या अमास्रा गावात नाझिफेच्या हातची कॉफी प्यायला नाही असा माणूस विरळा. बंदराकडं उतरणाऱ्या गल्लीत तिच्या बापाचं, दुर्मुशचं, सात खोल्यांचं लॉज. पाटीवर नाव बापाचं, दारातली खुर्ची बापाची, पाहुण्यांना मासे पकडल्याच्या थापा मारणंही बापाचंच. चादरी, नाश्ता, शेगडीची राख आणि तुंबलेली मोरी एवढं तेवढं नाझिफेचं. आई गेली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आता एक्केचाळीस.

तिला मागणी आली नव्हती असं मुळीच नाही. धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा इल्यास तीन वर्षं ओळीनं आला, फुलं आणि चॉकलेटचा डबा घेऊन, आईला पुढं घालून. रीतीप्रमाणं नाझिफेनं त्याच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं. नवऱ्या मुलानं ती तोंड वाकडं न करता प्यायची. पोरगी किती हवी आहे ते त्यावरून कळतं. पहिल्या वर्षी एक चमचा, तिसऱ्या वर्षी लाडात येऊन चांगले तीन. गडी तिन्ही वेळा तळापर्यंत प्याला आणि मिशी पुसून म्हणाला, "हाताला चव आहे हो!"

मग त्याची आई अल्लाच्या हुकमानं आणि पैगंबरांच्या शब्दानं मुलगी मागायची. बापानं एकच शब्द बोलायचा होता: दिली. दुर्मुश म्हणायचा, "हंगाम तर संपू द्या." असे तीन हंगाम संपले आणि इल्यासची आईही संपली.

"पळून जा की त्याच्याबरोबर," शेजारणी म्हणत.

"मला मागून न्यायला हवं," नाझिफे म्हणे, "चोरून नाही."

पहिल्या मागणीपासून अशी अकरा वर्षं गेली. यंदा इल्यासला लांबच्या गोदीत काम लागलं. सोमवारी लॉजची शेगडी नीट करायला आला तेव्हा पान्याकडं बघत म्हणाला, "शुक्रवारी सकाळच्या बसनं चाललोय. गुरुवारपर्यंत तुझ्या बापानं शब्द दिला, तर नाही जात."

त्याच बसनं लॉजमधलं शेवटचं जोडपंही निघणार होतं. हॉलंडचे पीटर आणि हानेक. साठीची माणसं, अठ्ठावीस वर्षं एकत्र राहिलेली, पण लग्न काही केलं नव्हतं. चार दिवस पाऊस सारखा कोसळत होता, होड्या बंद होत्या, पण त्यांना त्याचं काहीच नाही. पीटर चहाच्या दुकानात म्हाताऱ्यांशी सोंगट्या खेळून रोज हरायचा. हानेक बायकांच्या हमामात जाऊन अंग चोळून घ्यायची आणि लालबुंद होऊन यायची. हॉलंडमधल्या शेजारणीकडून शिकलेली तुर्की ती बेधडक बोलायची. गुरुवारी दुपारी तिला खारट कॉफीची रीत कळली आणि बाई हट्टालाच पेटली.

"दुर्मुशकाका, आज तुम्ही माझे बाबा! हा मला मागणार!"

दुर्मुश खुशीत आला. ईदचा कोट चढवला, खुर्चीत ताठ बसला. "पोरी, तांबडी रिबन आण गं! असेल ना घरात कुठं?"

होती. नाझिफेच्या पेटीत, तळाशी, अकरा वर्षांची. क्षणभर तिचा हात थबकला. मग तिला वाटलं, बाबांची जीभ एकदा वळू दे, पुन्हा वळेल. तिनं रिबन आणली.

हानेकनं कॉफी केली. पीटरनं डोळे मिटून, नाक दाबून ती ढोसली. चिठ्ठीवर बघत अडखळत मागणी घातली. दुर्मुशनं छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दिली! सुखी राहा!" दोघांच्या बोटांतल्या अंगठ्यांना बांधलेली रिबन रीतीप्रमाणं कात्रीनं कापली. टाळ्या झाल्या.

नाझिफे ट्रे घेऊन तिथंच उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "जीभ सैल झालीच आहे, तर एकदा माझ्यासाठीही म्हणा. इल्यास उद्या चाललाय."

हानेकला गंमत वाटली, ती पुन्हा टाळ्या वाजवू लागली. दुर्मुश कात्री मिटत म्हणाला, "हंगाम तर संपू दे, पोरी."

"संपलाय, बाबा. पाऊस बघा."

"मग यांचा सकाळचा नाश्ता कोण करणार?" तो हसला. खोलीत एकटाच हसला.

सकाळी तिनं नाश्ता केला. बसपाशी हानेकनं तिला मिठी मारली, पुढच्या वर्षी येतो म्हणाली. मागच्या खिडकीत इल्यास मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. "ओत गं पाणी," दुर्मुश म्हणाला, "मागं पाणी ओतलं की पाहुणे परत येतात." तिनं तांब्या उपडा केला. एवढ्या पावसात ते पाणी कुठं गेलं, कुणाला दिसलं नाही. इल्यासनं मात्र मान फिरवून पाहिलं.

घरी आल्यावर दुर्मुशनं खुर्चीत बसून कॉफी मागितली. पहिल्याच घोटाला तोंड फिरवलं आणि सगळी थुंकून टाकली.

"अगं, मीठ!"

"तीन चमचे," नाझिफे म्हणाली. "त्यानं तीन वर्षं प्यायली, बाबा. तुम्हाला एक घोट जाईना."

तिनं कप उचलला नाही. दुर्मुश त्याच्याकडं बघत बसला, आणि ती वर सातही खोल्यांच्या चादरी काढायला गेली.