मगरीचे पुढे काय झाले

जिन्याच्या वळणावर कठड्याला टेकलेला हात, पायाशी भाजीची पिशवी आणि तोंडातून एकच शब्द: "मग?"

मद्रासेत, वेलचेरीतल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत त्या अशा भेटायच्या. निवृत्त शिक्षिका, घराणे तंजावरच्या मराठ्यांपैकी. मुलगी तिकडेच दिलेली. इथे त्या एकट्या, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात. सगळी इमारत त्यांना मामी म्हणे, म्हणून मीही. त्यांची मराठी ऐकली की वाटे, बाई आत्ताच खाली घोडा बांधून वर आल्या आहेत.

मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून संध्याकाळी परतायचो, त्या बाजारातून. जिन्यात गाठ पडे. मी गोष्टी सांगतो, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. खोट्या नव्हेत, खऱ्यालाच थोडी हवा भरलेल्या. आमच्या कारखान्यातल्या भट्टीवर मी एकदा सबंध पाळीसाठी डोसे घातले होते. पुराच्या वर्षी आमच्या पार्किंगमध्ये मगर आली आणि शेअर ऑटोत पुढच्या सीटवर बसली, कारण मागे जागा नव्हती. लोक अशा वेळी घाईत असतात. मामी मात्र प्रत्येक वळणावर थांबायच्या, माझ्याकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "मग?" मी फुलायचो. पुण्यात आईला फोन करून सांगितलेसुद्धा, की मद्रासेत मला एक जाणकार श्रोता मिळाला आहे.

तुम्ही असतात तर तुम्हालाही वेगळे काही दिसले नसते. त्या प्रश्न एका शब्दाचा विचारत आणि उत्तर मात्र मजलाभर घेत.

पुढचे मी जराही फुगवत नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मगर ऑटोवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करत होती. मामी "मग?" म्हणाल्या आणि कठडा सोडून खाली बसल्या. बसल्या कुठल्या, कोसळल्याच. टोमॅटो टपटपत पहिल्या मजल्यापर्यंत गेले. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते. मी त्यांना उचलून खाली आणले आणि ऑटोत घातले. वाटेत त्या शुद्धीवर आल्या आणि पहिले वाक्य म्हणाल्या, "टोमॅटो उचललेस काय रे?"

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती. दम लागतो का, असे तिने विचारल्यावर मामींनी मान हलवली: छे. कोपऱ्यावरच्या दवाखान्याने मागे दम्याचा पंप दिला होता, तो त्यांनी आपल्यासाठी नाहीच असे ठरवून टाकले होते. आणि ब्लडप्रेशर? ते तर नेहमीच नॉर्मल. त्याची फुशारकी त्या इमारतभर मारत. दंडाला पट्टा बांधून पाहिले, तर खरेच नॉर्मल.

मग डॉक्टरीण बाहेर आली आणि मला विचारू लागली. या जिना कसा चढतात?

"उत्तम चढतात," मी म्हणालो. "मध्ये थांबतात, पण ते माझ्या गोष्टी ऐकायला."

"प्रत्येक मजल्यावर?"

"प्रत्येक वळणावर."

तिने मला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिले. "इतक्या चांगल्या असतात तुमच्या गोष्टी?"

 

हृदयाची सोनोग्राफी झाली, तिला ते एको म्हणतात. मग तिने समजावले. दंडातले प्रेशर वेगळे, फुप्फुसांतले वेगळे. पट्ट्याला ते कळत नाही. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आतून आवळत चालल्या आहेत आणि हृदयाची उजवी बाजू बंद दाराला खांदा लावल्यासारखी ढकलते आहे. अशीच ढकलत राहिली तर एक दिवस दमेल. रक्ताची गुठळी नाही, हे स्कॅनमध्ये दिसले होते. पण एको म्हणजे अंदाज. औषध ठरवायचे तर मानेच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून आतले प्रेशर नेमके मोजायला हवे.

मामी नको म्हणाल्या. "मज काही जाहले नाही. वय जाहले." मुलगी फोनवर रडली, तरी नाही. मी खोलीत गेलो तेव्हा खरे कारण कळले. आजाराला नाव लागले की मुलगी घेऊन जाईल. हे घर, हा जिना, बाजार, सगळे सुटेल.

मी माझ्याकडची एकमेव धमकी दिली. नळी घालून घेतली नाही, तर मगरीचे पुढे काय झाले ते सांगणार नाही.

त्या हसल्या नाहीत. बराच वेळ श्वास गोळा करत राहिल्या. "इतके खोटे बोलतोस. एक खरे बोल. मी मरेन काय?"

"मला माहीत नाही, मामी."

माझ्या आयुष्यातले सर्वांत आखूड उत्तर असावे ते. त्यांनी भिंतीकडे पाहिले. "बरे. घाल म्हण नळी."

दाराबाहेर तंजावरहून आलेली मुलगी पदराचा पीळ करत बसली होती आणि मी दारावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होतो. पुढे डॉक्टरीण सांगत होती, नळी आत असताना बाई जाग्या होत्या आणि डॉक्टरीण बोलताना जरा थांबली की तमिळमध्ये विचारत, "अप्पुरम?" म्हणजे आपले तेच. मग?

प्रेशर जास्तच निघाले. औषध सुरू झाले. आता ती गोळी कोणती, ते जाणकारांनी ओळखावे. फुप्फुसांच्या वाहिन्या सैल करते, पण तिची कीर्ती भलत्याच कामासाठी आहे. चिठ्ठीवर लिहिलेले, दिवसातून तीनदा. औषधवाल्याने आधी चिठ्ठी पाहिली, मग मला. डोळ्यांत भक्ती दाटली. मी घाईने म्हणालो, "माझ्यासाठी नाही, समोरच्या मामींसाठी आहे." त्याने तर हातच जोडले.

गोळ्यांनी काम केले. काही महिन्यांनी मामी दोन मजले न थांबता चढू लागल्या. मी मगरीला नुकतेच एग्मोर स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभे केले होते. त्या सरळ पुढे गेल्या.

"अहो मामी, मगर राहिली."

"तिला थांबायला सांग," वरून आवाज आला.

इतका आनंद आणि इतका अपमान एकदम झाल्याचे मला आठवत नाही.

मग ऐप्पसीच्या, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकाच्या, पावसात एका संध्याकाळी दुसऱ्या वळणावर त्या थांबल्या. हात कठड्याला. "मग?"

मी ओठांकडे पाहिले, मग पायांकडे. घोटे सुजून चपलेबाहेर आले होते. दम लागला का, असे विचारायचे धाडस झाले नाही. मगरीला रांगेतून काढले, गाडीत बसवले आणि प्रत्येक स्टेशनवर उतरवून कॉफी पाजली. होईल तितकी लांबण लावली. तंजावरपर्यंत नेली, तेव्हा कुठे त्यांनी पिशवी उचलली.

दुसरी गोळी जोडली गेली, पाणी उतरवायची तिसरी आली आणि जिना बंद झाला. मुलीने तंजावरचे तळमजल्याचे घर झाडून ठेवले होते. जाताना मामींना खुर्चीत बसवून खाली उतरवले. वळणावर त्यांनी कठड्याला हात लावला.

परवा त्यांचा फोन आला. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच होतो. आधी कान देऊन त्यांचा श्वास ऐकला. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. म्हणजे बसल्या होत्या. चढायला काही नव्हते, थांबायला कारण नव्हते.

"मग?" त्या म्हणाल्या.

मी तिथेच पायरीवर टेकलो आणि मगर पुन्हा पाण्यात सोडली.