हिरामणने साठवलेला उजेड

पेणच्या अस्लमने जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग केलं आणि हौशी नाटकांना उजेड दिला. उजेड कमी-जास्त करणाऱ्या जुन्या डिमरचे दांडे तो डोळे मिटून फिरवायचा. पण रोह्याच्या नाट्यमंडळाने संगणकाचा लाइटबोर्ड आणला, तेव्हा त्याने अंग काढून घेतलं. "हिरामण, तू शिक. माझी बोटं जाड झाली," असं म्हणाला.

हिरामण त्याच्याच हाताखाली तयार झालेला, भिडस्त माणूस. तो शिकला, नव्या नाटकाचे सगळे क्यू, म्हणजे कुठल्या प्रसंगाला कुठला दिवा किती, त्याने बोर्डात साठवले, आणि प्रयोगाला पंधरा दिवस असताना तालमीहून स्कूटरवर परतताना वडखळच्या फाट्यावर ट्रकखाली गेला.

आता अस्लमला बसावंच लागलं. भर दुपारी, रिकाम्या नाट्यगृहात, मांडीवर बोर्डाची छापील पुस्तिका घेऊन त्याने 'गो'चं बटण दाबलं. रंगमंचावर पहाट झाली. आधी मागचा निळा, मग डावीकडून पिवळा, अगदी हिरामणच्या सावकाश हाताने. अस्लमने कशालाच हात लावला नव्हता; बोर्डाच्या स्क्रीनवरचे आकडे आपसूक चढत होते. माणसाची राख झाली आणि त्याचा हात इथे चालतोय! अस्लमच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्या खांद्यावरून कोणीतरी वाकून बघतंय असं वाटत राहिलं; मान वळवायचा धीर होईना.

सतराव्या क्यूला उजव्या कोपऱ्यात, जमिनीलगत, मिणमिणता उजेड पडायचा. तिथे कुठलंच पात्र नव्हतं. नाटक बसवणाऱ्या विमलबाई म्हणाल्या, "अस्लमभाई, चुकून राहिलं असेल. काढून टाका."

पुस्तिका चाळत त्याने तो पुसला. बोर्डावर स्वतःहून केलेलं हे त्याचं पहिलं काम.

रंगीत तालमीत त्याच जागी, नाटकात काम करणाऱ्या सत्तरीच्या काशीबाई विंगेत जायला वळल्या आणि तिथल्या पायरीवरून धाडकन पडल्या. गुडघा फुटला.

"उजेड कुठं गेला रं?" त्या कण्हत म्हणाल्या. "मला अंधारात दिसत नाय. काम काढून घेतील म्हणून कोणाला बोलले नाय. एका हिरामणला ठावं होतं."

कुठला दिवा, किती टक्के, अस्लमला काही आठवेना. गुडघा बांधून काशीबाई विंगेत उभ्या राहिल्या. तासभर तो उजेड चढवत-उतरवत राहिला, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "व्हय, असाच."

प्रयोग पार पडला. दुसऱ्या दिवशी तो हिरामणच्या बायकोकडे, हौसाकडे गेला. इतके दिवस त्या गल्लीतून जाणंही त्याने टाळलं होतं.

"ते काम माझं होतं गो. मी त्या बोर्डाला भ्यालो म्हणून तो गेला."

"माहीत हाय," हौसा म्हणाली. "त्यांनी काय केलं होतं, ते मला दाखवाल?"

त्याने तिला रोह्याला नेलं. एकामागून एक सगळे क्यू लावले. समोर माणूस नाही, संवाद नाही, नुसता उजेड बदलत होता. ती पदर आवळून शेवटपर्यंत बसली.

दोघं एसटीने पेणला परतले. एसटीतून उतरताना ती म्हणाली, "पुढचा प्रयोग असंल तेव्हा सांगा. येईन मी."