डांबरावरची तूर

माझी बायको गंगू चालती टमटम थांबवायची. रस्त्यात मेलेलं जनावर दिसलं की ड्रायव्हरच्या पाठीत बुक्की. मग पदर खोचून उतरायची, पाय धरून हरीण कडेला ओढायची, वर पळसाचा पाला टाकायची आणि हात पुसत परत येऊन बसायची. बाकीचे तोंड फिरवायचे. मीही फिरवायचो. "उतरा की, पाय मोडलेत का?" एवढंच ती मला म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात तापानं ती गेली. आई कशी होती ते लिहून ठेवा म्हणून मुलगी मागं लागली आहे. मी चौथी शिकलेला माणूस. लिहू काय? एवढी वर्षं संसार केला, पण ती मला उमगली नाही.

हरणांवर माया होती म्हणावं, तर तसंही नाही. आमच्या हरभऱ्यात कळप शिरला की हीच गोफण घेऊन धावायची. शिव्या अशा, की मला लाज वाटायची.

आमच्या गावात, मंठाळला, आमच्या रानाला लागून रस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट जाऊ लागल्या, आणि आमच्या वळणावर पहाटे हरणं मरू लागली. जंगल खात्यानं उडी मारणाऱ्या हरणाची पाटी लावली. गंगू गार्डला म्हणाली, "अण्णा, ही पाटी हरणानं वाचायची व्हय?" तो बिचारा हसला.

पुढं माघात एक मादी मेली. गंगूनं तिला ओढताना तोंडात बघितलं आणि अर्धवट चावलेले दाणे तळहातावर घेऊन घरी आली.

"अवं, ह्ये बघा. आपली तूर हाय."

आमच्याकडं तूर कापली की डांबरावर पसरतात. गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी होते. संध्याकाळी दाणे गोळा करायचे. खडीच्या फटीत राहिले ते राहिले. तेच वेचायला पहाटे हरणं यायची. माझं रान रस्त्याला लागून, म्हणून पसरण्यात मीच पुढं. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं.

"सगळं गाव पसरतंय," मी म्हणालो. "मी एकट्यानं कामून थांबू?"

"शेतात शिरलं तर मी हाणीनच की. पर हितं आपण ताट वाढून बोलवायलोय आन् मारायलोय."

"मी न्हाई, ट्रकवाला मारतोय."

"वाढायलंय कोण?"

मी रागानं जेवणाचं ताट सरकवलं. तिनं ते ओढून घेतलं आणि स्वतः जेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं खळं सारवलं. आमची तूर तिथं नेली. काठीनं झोडून माझे खांदे निघाले. वर रोज संध्याकाळी खराटा घेऊन ती दुसऱ्यांच्या तुरीचा रस्ताही झाडायची. लोक तिला हरणाची सासू म्हणायचे. "सासूच हाय," ती म्हणायची, "म्हणून तर हाणते बी आन् राखते बी."

हळूहळू आणखी बायका खराटे घेऊन आल्या. गार्डनं वर सांगून वळणाच्या दोन्ही बाजूंना ब्रेकर करून घेतले. पुढच्या सुगीत कुणी रस्त्यावर तूर पसरली नाही, आणि वळणावर एकही हरीण मेलं नाही. गंगूला आनंद झाला असं काही दिसलं नाही. ती गोफण घेऊन हरभरा राखायला गेली. मी नुसता बघत राहिलो. हिला नक्की काय पाहिजे होतं?

यंदा माघात शेजारच्या शिवराजनं पुन्हा तूर रस्त्यावर आणून पसरली. मी म्हणालो, "उचल."

"अप्पा, अक्का गेली की. आता तुम्ही कुणासाठी करायलाव?"

हरणांसाठी म्हणावं, तर मी एकालाही कधी हात लावला नव्हता. तिच्यासाठी म्हणावं, तर ती बघायला नाही. तसाच पुढं गेलो आणि त्याच्या तुरीवर मधोमध मांडी घालून बसलो. ब्रेकरपाशी ट्रक थांबला, त्याच्या मागं जीप. हॉर्न वाजायला लागले.

"अप्पा, मरायचंय का?" शिवराज ओरडला.

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "तू तूर उचल."

शिव्या देत देत तो वाकला आणि कडेकडेनं तूर उचलू लागला.