आत उघडणारं दार

तुमच्या गावात मुलांचं एखादं वसतिगृह किंवा बालगृह असेलच... त्याचं मागचं दार कुठल्या बाजूला उघडतं, सांगू शकाल?

आधी स्वतःबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचून ‘हिला लागीर झालंय’ असं कोणी म्हणणार नाही. मी मलकापूरची. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा भोंदूगिरीविरुद्ध पत्रकं काढायचे आणि मी शाळेतून आले की त्यांच्या घड्या घालत बसायची. करणी, भानामती, अंगात येणं, सगळ्याला आमच्याकडे एकच उत्तर होतं – पुरावा दाखवा. मी आजही तेच म्हणते. पण या वेळी पुरावा माझ्याच मोबाइलमध्ये आहे, आणि तो माझ्याच विरुद्ध जातो.

मेहकर तालुक्यात, डोणगावहून थोडं आत, एका गावाच्या कडेला मुलींचं बालगृह आहे. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की बाकीच्या संस्था निवांत होतील. पूर्वी ते कापसाचं गोदाम होतं. एक लांब हॉल, त्यात मुलींच्या गाद्या आणि पेट्या. खिडक्यांना जाड गज. पुढच्या दाराला लागूनच स्वयंपाकघर, म्हणजे बाहेर पडायचं तर गॅसच्या शेगडीवरूनच. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मागचं लोखंडी दार, आतून कडी आणि कुलूप.

ते दार आत उघडतं. आग लागली की घाबरलेली मुलं दाराला रेटा देतात, आणि आत उघडणारं दार त्या रेट्याने आणखी घट्ट बसतं. म्हणून सुटकेचं दार बाहेर उघडावं आणि मुलं आत असताना त्याला कुलूप नसावं. एवढीच मागणी घेऊन मी भांडत होते.

दर शनिवारी मी तिथे मुलींकडून भित्तिपत्रक करून घ्यायला जायची, आणि दर शनिवारी अधीक्षिका सुमनमावशींशी त्या कुलपावरून वाजायचं. किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीत.

“पोरी पयतात व माय,” त्या म्हणायच्या. “एक जरी पयाली त पोलीस मले धरतीन, का तुह्या पत्रकाले?”

“आणि आग लागली तर?”

“जिभेले हाड हाय का तुह्या? चांगलं बोलत जाय कधी.”

दसऱ्यानंतरच्या शनिवारी दुपारी गेले, तर कहरच झाला होता. खंडेनवमीला आपल्याकडे विळे-कुदळीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. मावशींनी संस्थेतलीही ‘हत्यारं’ पुजली होती. आग विझवायच्या लाल सिलिंडरला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि पिनेभोवती लाल धाग्याचे वेढे. मागच्या दाराची कडी आणि कुलूप एकाच धाग्यात गुंडाळलेलं, वर कुंकवाचं बोट.

“मावशी, धागा काढा. पिन ओढायची कशी?”

“पूजेचा हाय थो. आपल्या हातानं तोडू नाही. आपोआप गयून पडन.”

ज्योती मागून म्हणाली, “ताई, आगीलेच सांगा ना, धागा गयेलोक थांब म्हणा.” ही आठवीतली, सगळ्यांत तिखट.

मुली खिदळल्या. मावशीही हसू दाबत दळण आणायला गिरणीवर गेल्या. किल्ली अर्थातच पदराबरोबर गेली.

मी कुलूप ओढून पाहिलं. बंद. तक्रारीला जोडायचा म्हणून धाग्यासकट फोटो काढला आणि मुलींना घेऊन बसले.

थोड्याच वेळात स्वयंपाकाच्या बाई ओरडत पुढच्या दाराने बाहेर पळाल्या. कढईतलं तेल पेटलं होतं. ज्वाळा पडद्याला लागल्या, पडद्यावरून छताच्या प्लायला. पुढचं दार गेलं. मी सिलिंडर उचलला आणि नखांनी तो धागा ओरबाडत बसले... हळदीने चिकटून बसलेला, सुटेचना. हॉल धुराने भरला. मुली मागच्या दाराकडे धावल्या. “तिकडे नको, कुलूप आहे,” असं ओरडत मीही तिकडेच धावले. दुसरीकडे जाणार कुठे?

पुढचं जसं आठवतं तसं लिहिते. मुलींचा सगळा रेटा दारावर होता. त्यांच्या डोक्यांवरून माझा तळहात पत्र्याला टेकला. पत्रा गार होता. आणि तो सरकला... बाहेरच्या बाजूला. उजेड आला, आणि आम्ही मागच्या तुरीत उभ्या होतो.

हजेरी घेतली. सगळ्या होत्या. ज्योती खोकत म्हणाली, “ताई, थे दार बाहीर गेलं.”

शेजारच्या मळ्यातल्या माणसांनी भाजीला पाणी द्यायचा पाइप ओढून आणून आग विझवली. मावशी पिठाचा डबा रस्त्यातच टाकून धावत आल्या. किल्ली गाठीतच होती. मी पुढून आत शिरले आणि मागच्या दाराशी गेले.

कडी लावलेली. कुलूप बंद. धागा अखंड. वर काजळीचा सलग थर, त्यावर एका बोटाचाही ठसा नाही. तिथेच दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर फरक फक्त काजळीचा.

नंतर सगळं तपासलं. खिडक्यांचे गज शाबूत. चौकटीला बाहेरून लोखंडी पट्टी, म्हणजे दार बाहेर उघडणं शक्यच नाही. धुरात मला भास झाला म्हणाल? चालेल. पण मग सगळ्या मुली तुरीत कशा आल्या, तेही सांगा.

संध्याकाळी संस्थेचे सचिव आले, सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. मावशींनी त्यांच्यादेखत पदराची गाठ सोडली आणि किल्ली माझ्यापुढे धरली. मी हात पुढे करेपर्यंत दादासाहेबांनी ती खिशात घातली.

“देवीची कृपा,” ते म्हणाले.

“कृपा असू द्या. कुलूप काढा.”

“पोरी बाहीर आल्या का नाही?”

“आल्या.”

“मंग रस्ता होता ना.”

तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं, आणि साहेबांनी मान डोलावली. आता त्या दारासमोर ओटा बांधलाय. ओट्यावर तसबीर, तसबिरीपुढे अखंड दिवा. कुलूप तसंच. बाहेर पडायच्या दाराशी जाळ पेटवून ठेवलाय आणि त्याला श्रद्धा म्हणतात. मी तोंडावर हे बोलले, म्हणून माझं येणं बंद केलंय.

त्या दुपारी काय झालं, मला माहीत नाही. बाबांनी दोन्ही फोटो कितीदा पाहिले, त्यांनाही उलगडा होत नाही. पण मी त्या ओट्याला हात जोडणार नाही. दार ज्याने कोणी उघडलं असेल, त्याने संस्थेचं काम केलं. संस्थेने ते काम त्याच्यावरच टाकून हात झटकले, हे मला मान्य नाही.

मागच्या शनिवारी गेटवरूनच परत पाठवलं. ज्योती जाळीपाशी आली होती.

“ताई, दुसऱ्या खेपेले उघडन का थे?”

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. उद्या दिवसाउजेडी तुमच्या जवळच्या वसतिगृहात जा. ऑफिसात बसवतील, बसू नका. चहा नंतर घ्या. थेट मागच्या दारापर्यंत चालत जा आणि तळहाताने ते बाहेर ढकला. उघडलं नाही, तर उघडेपर्यंत तिथून हलू नका.