सुहासच्या भिंतीवरची चंद्रबाई

सुहासच्या मुलीचा, इराचा फोन आला तेव्हा मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. खरं सांगतो, मला आधी दुःख झालं नाही, संशय आला. आदल्याच आठवड्यात आंग मो किओच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर चहा घेताना "रिपोर्ट एकदम क्लिअर आहेत रे," असं सुहास म्हणाला होता आणि रिकाम्या कपात चमचा फिरवत राहिला होता. तेव्हाच मला खटकलं होतं. जन्मभर ऑडिट करणाऱ्याला क्लिअर हा शब्द ऐकला की उलट जास्तच शंका येते.

सुहास माझा पुण्यापासूनचा, इथे परदेशातही टिकलेला मित्र. बँकेतली नोकरी, घरात चित्र म्हणाल तर गणपतीचं. अशा माणसाने एके दिवशी हॉलमध्ये हे भलंमोठं चित्र आणून लावलं. शंभरएक वर्षांपूर्वी एका फ्रेंच चित्रकाराने ताहिती बेटावरची माणसं आणि त्यांचे देव मनात धरून रंगवलेल्या चित्राची ही प्रत. पाठमोरी, उघडी, सावळी बाई आणि तिच्यासमोर झाडीतून वर आलेला धिप्पाड पुरुष. बाई म्हणजे चंद्र, तो भूमीचा देव. पन्नाशीत अशी चित्रं उगाच सुचत नाहीत, असं माझं मत झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वसुधावहिनींनी त्या बाईवर स्वतःच्या लग्नातला शेला टाकला, तर आलेल्या प्रत्येकीला आत काय आहे ते बघायचंच होतं! "चंद्र आणि बाई? आपला चांदोबा तर मामा," असं म्हणत एकीने तो शेला उचललाच.

चित्रातली बाई त्या देवाला काय विचारतेय, असं मी सुहासला विचारलं. "भाडं वाढवू नका म्हणतेय," म्हणून तो हसला. वहिनींना मात्र त्याने सगळी गोष्ट सांगितली होती. मी मावळते आणि पुन्हा उगवते, तसं माणसांनाही मेल्यावर परत येऊ दे, अशी ती विनवते. आणि देव हो म्हणतो. वहिनींनी मला पोळी वाढता वाढता ती ऐकवली होती. एकच गोष्ट, पण दोघांना दोन उत्तरं, हे मला काही पटलं नाही. त्यातच तो दर शनिवारी सायकल घेऊन एकटा पुलाउ उबीन बेटावर जायला लागला. तिथल्या मातीचा एकही डाग सायकलला नसे... मी तर कुणीतरी बाई आहे असंच धरून चाललो.

बाई नव्हती. शनिवारी तो हॉस्पिटलात जायचा, हे इराने अंत्यसंस्कारानंतर सांगितलं. तिला शपथ घातली होती म्हणे, आईला कळू द्यायचं नाही. मग मी ती ताहितीची गोष्टही शोधून वाचली. देव हो म्हणतच नाही. माणूस मरेल आणि मेलेलाच राहील, असं तो तिला स्पष्ट सांगतो. वहिनी रोज संध्याकाळी त्याच चित्रासमोर बसत होत्या.

तेराव्यानंतर मी गेलो, तेव्हाही बसल्या होत्या. सांगावं की गिळावं, मला ठरवता येईना.

"भाऊजी, गोष्ट वाचलीत ना? तोंडावर दिसतंय तुमच्या."

मी मान डोलावली.

"त्याने चित्र आणलं त्याच आठवड्यात मी वाचली होती. आणि सायकल मीच पुसायचे हो, तिला कधी मातीच नसायची."

"मग त्याला बोलला का नाहीत?"

"विचारलं असतं तर त्याला खरं सांगावं लागलं असतं. तो एवढा जीव तोडून लपवत होता... मी त्याला लपवू दिलं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पण आता ती गोष्ट तशी सांगणारं कुणी उरलं नाही. तुम्ही सांगाल का एकदा?"

मी खुर्ची ओढली आणि सुरुवातीपासून सांगितली. शेवटी देव हो म्हणाला.