दर वेळी चौकोन

आमचा बैल हरवला तेव्हा मी हिवतापानं फणफणले होते. तापात मी "जुन्या विहिरीवर" असं काहीतरी बरळले आणि बैल जुन्या विहिरीवरच सापडला. चैत्रातल्या उन्हात तहानलेला बैल दुसरीकडं कुठं जाणार होता? पण हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. थोरल्या काकांनी माझ्या कपाळावर मळवट भरला आणि पोरीच्या अंगात देवी येते, ही देवीचं झाड आहे, असं सगळ्या मुरूम गावाला सांगून टाकलं. दसऱ्याला तुळजापूरला नेऊन माझ्या गळ्यात कवड्यांची माळ घालायची, असंही त्यांनी ठरवलं.

एकदा माळ पडली की हातात परडी घेऊन जोगवा मागणं जन्माचं. ज्या बाया मनापासून माळ घालतात त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. माझं मन मात्र मुलींच्या मदरशात, म्हणजे शाळेत, गुंतलं होतं. निजामाच्या राज्यात शिकायचं तर उर्दूतच, तशी मी शिकले होते, आणि दिवाळीनंतर पहिलीचा वर्ग मला द्यायचं तिथल्या बड्या बाईंनी कबूल केलं होतं. मळवटाची बातमी कानावर गेल्यावर त्यांनी बोलावून सांगितलं, "अंगात येणारी मास्तरीण मला चालायची नाही. काय ते आधी मिटवून ये."

त्याच सुमारास हैदराबादहून एक प्रोफेसर गावात आले आणि बैलाची गोष्ट ऐकून मला तपासायला येतो म्हणाले. दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं का, पुढचं दिसतं का, याचा ते शास्त्रीय अभ्यास करत होते. मला इतका आनंद झाला की मी स्वतःच्या हातानं ओसरी सारवली. म्हटलं, आता एक शिकलेला माणूस कागदावर लिहून देईल की या मुलीत काही नाही.

त्यांच्याकडं पत्त्यांसारखी पानं होती. पाच तऱ्हेची चित्रं: वर्तुळ, चौकोन, फुली, तारा आणि लाटा. मध्ये पडदा. पलीकडं प्रोफेसर एक पान उचलून त्याच्याकडं बघत बसणार आणि अलीकडून मी चित्र ओळखायचं. मी मनाशी पक्कं केलं, दर वेळी चौकोनच म्हणायचं. म्हणजे माझ्या डोक्यात काही येत नाही हे आंधळ्यालाही दिसेल.

"चौकोन," मी म्हणाले. पान निघालं ताऱ्याचं. मला हायसं वाटलं.

शेजारी बसलेले काका शांतपणे म्हणाले, "कौल दिला न्हाय देवीनं. पुन्हा इचारा."

आमच्याकडं कौल लावताना देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कुठलीच पडली नाही तर देवी बोललीच नाही असं धरून पुन्हा विचारायचं. ही रीत प्रोफेसरांनी काकांकडून समजून घेतली, मोठ्या आदरानं मान डोलावली, आणि ताऱ्याची ती ओळ वहीतून खोडून टाकली. त्यानंतर माझं प्रत्येक चुकलेलं उत्तर म्हणजे न मिळालेला कौल झालं. पाच-सहा पानांत एकदा चौकोन यायचाच, तेवढा वहीत जायचा. दुपारपर्यंत पान भरलं, आणि त्यात माझं एकही उत्तर चुकीचं नव्हतं.

अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. काकांना मी एक वेळ माफ करीन, ते देवभोळे होते. पण हा माणूस एवढी बुकं शिकला होता.

ते निघताना मी त्यांना अंगणात गाठलं आणि उर्दूतच सांगितलं, "साहेब, मी दर वेळी चौकोनच म्हणत होते. खोडलेल्या ओळी परत लिहा." ते मायेनं हसले. "बेटी, जिसमें ये ताकत होती है, उसको खुद पता नहीं रहता," म्हणाले, आणि टांग्यात चढले. म्हणजे मी नाही म्हटलं तोही पुरावाच.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काका बाजारात गेल्यावर अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चुलीपाशी बसवलं. अप्पा मोठ्या भावापुढं कधी तोंड उघडत नसत. मी एका सुपात ज्वारी, तूर, मूग, हरभरा आणि करडई एकत्र केली. म्हटलं, "मी न बघता एकेक दाणा वाटीखाली झाकते. तुम्ही दर वेळी तूरच म्हणा."

"तूर," अप्पा म्हणाले. मूग निघाला. "कौल दिला न्हाय," असं म्हणून मी तो सुपात टाकला. "तूर." हरभरा निघाला. "कौल दिला न्हाय." मग तूर निघाली, ती मी परातीत ठेवली. असे परातीत बारा-तेरा दाणे होईपर्यंत आम्ही बसलो. परातीत नुसती तूर होती. अप्पा तिच्याकडं बघत राहिले, मग धोतर झटकून उठले.

काका आल्यावर ते म्हणाले, "दादा, दसऱ्याला माळ माज्या गळ्यात घाला. माज्याबी अंगात येतंया."

काका सहा महिने अप्पांशी बोलले नाहीत. आम्ही तुळजापूरला गेलो, देवीची ओटी भरली आणि माळ न घालता परत आलो. दिवाळीनंतर मला पहिलीचा वर्ग मिळाला.

दोनेक वर्षांनी मदरशात एक उर्दू मासिक आलं. त्यात प्रोफेसरांचा लेख होता. वहीचं ते पान जसंच्या तसं छापलं होतं, एकही उत्तर न चुकलेलं. खाली खुलासा होता की या मुलीला फसवणूक करणं शक्यच नव्हतं, कारण ती खेड्यातली असून तिला अक्षरओळखही नव्हती. सकाळपासून दुपारपर्यंत माझी परीक्षा घेतली, पण मला वाचता येतं का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग मासिक बाजूला ठेवून फळ्यावर अलिफ काढला, आणि समोरच्या मुलींना म्हटलं, गिरवा.